नोकरीचा अर्ज, मुलाखत आणि वाक्यातील कर्ता

नोकरी मिळविण्याच्या व्यवहारात मराठीचे ज्या चार शब्दांवाचून चालत नाही, ते चारही शब्द बाहेरून आलेले आहेत. 'अर्ज' आणि 'मुलाखत' हे मूळचे अरबी, फारसीच्या द्वारे मराठीत स्थिरावलेले. 'उमेदवार' हा फारसी. आणि 'नोकर' हा मूळचा मंगोल भाषेतील, तोही फारसीच्याच वाटेने आपल्याकडे आला. कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा उद्योग शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने केला. तथापि हे शब्द लोकांच्या तोंडून हटले नाहीत. त्यांचे अर्थ ध्यानात घेण्याजोगे आहेत. अर्ज म्हणजे वरिष्ठापुढे गोष्ट मांडणे. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. नोकर म्हणजे मुळात सोबती, पण आपल्याकडे सेवक. हे तिन्ही शब्द, आजच्या अर्थाने, माणसाला एक पायरी खाली उभे करतात. चौथा शब्द मात्र निराळा आहे. मुलाखत म्हणजे भेट. तीत दोन माणसे समोरासमोर येतात.

अर्जाकडून मुलाखतीकडे जाताना उमेदवाराला केवळ लेखणी सोडून वाणी धरावी लागते असे नाही, तर वाक्याची घडणच बदलावी लागते. ही घडण कशी बदलावी हे त्याला शाळेत, महाविद्यालयात वा विद्यापीठात कोणी शिकवीत नाही. मुलाखतीत अपयश आलेल्या विद्यार्थ्याविषयी 'आत्मविश्वास कमी पडला' असा निर्वाळा आपण सहज देऊन टाकतो. या अपयशाचा बराच भाग स्वभावाचा नसून व्याकरणाचा आहे, आणि म्हणून तो शिकविता येण्याजोगा आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनाला आधार म्हणून भुसावळजवळचे दीपनगर घेऊ. येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९६८ साली सुरू झाला. पुढे २१० मेगावॅटचे दोन संच १९७९ व १९८२ मध्ये आणि त्यानंतर त्याहून मोठे संच उभे राहिले. राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाल्यावर हे केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले. शेजारी भुसावळ येथे रेल्वेचे विभागीय कार्यालय व कारखाने आहेत; भुसावळ व वरणगाव येथे आयुधनिर्माणी आहेत. या परिसरातील घरांत लेवा बोली, अहिराणी, वऱ्हाडीकडे झुकणारी मराठी आणि रेल्वेवस्तीतील हिंदी अशा अनेक भाषा नांदतात. शाळेत प्रमाण मराठी, कारखान्यात इंग्रजी नामे आणि मराठी वा हिंदी क्रियापदे, आणि निवडमंडळापुढे बहुधा इंग्रजी. एकाच तरुणाला एकाच दिवसात इतक्या पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात. भाषाभ्यासकाला याहून बोलके क्षेत्र शोधावे लागू नये.

१. अर्जाची भाषा

मराठी पत्रव्यवहाराला मायन्याची दीर्घ परंपरा आहे. कोणाला 'राजमान्य राजश्री' लिहावे, कोणाला 'तीर्थरूप', कोठे 'विज्ञापना' करावी आणि कोठे नुसती 'विनंती', याचे काटेकोर संकेत होते. पत्राचा मजकूर वाचण्यापूर्वीच लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे परस्परस्थान मायन्यावरून कळत असे. इंग्रजी अमदानीत या परंपरेवर कचेरीतील इंग्रजी पत्राचे कलम झाले. 'यांचे सेवेशी' हा प्रारंभ आणि 'आपला आज्ञाधारक' हा समारोप या दोहोंमध्ये अर्जाचा मजकूर बसू लागला. त्या मजकुराचे क्रियापदही ठरलेले होते: 'अर्ज सादर करण्यात येत आहे', 'प्रमाणपत्रे सोबत जोडण्यात आली आहेत', 'माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा'. या वाक्यांत करणारा कोठेच नाही. शासकीय मराठीची ही लकब पुढे इतकी रूढ झाली, की 'करण्यात आले' असे लिहिल्यावाचून लेखनाला अधिकृतपणा येत नाही असे आपल्यालाच वाटू लागले. आपल्या विभागांतील प्रबंधही 'प्रस्तुत संशोधन करण्यात आले' असेच सांगतात.

आता या अर्जाचे गद्यही उरलेले नाही. बहुतेक भरती ऑनलाइन अर्जाने होते. अर्ज म्हणजे चौकटींची मालिका: नाव, जन्मतारीख, अर्हता, गुणांची टक्केवारी, अनुभवाचे महिने. जुना उमेदवार निदान स्वहस्ताक्षरात एक पान लिहीत असे, आणि ते लिहिताना आपण काय मागतो आहोत व कशाच्या बळावर, याचा त्याला एकदा तरी विचार करावा लागे. आजच्या उमेदवाराचे स्वतःचे पहिले वाक्य निवडमंडळापुढेच उच्चारले जाते. अर्जातून भाषा गेली, आणि तिचा सगळा भार मुलाखतीवर येऊन पडला.

अर्थात सर्वच नोकऱ्यांना मुलाखत असते असे नाही. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' व अराजपत्रित गट 'ब' पदांसाठी मुलाखती बंद केल्या. परंतु खाजगी कारखाने, कंत्राटदार संस्था आणि शिक्षणसंस्था येथे मुलाखतीचे महत्त्व टिकून आहे. आपल्या वाचकांना जवळचे उदाहरण द्यावयाचे, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी सहायक प्राध्यापकपदासाठी शैक्षणिक गुणांकन केवळ मुलाखतीस बोलावण्यापुरते मानले आणि निवड मात्र मुलाखतीवरच सोपविली. ज्याने वर्षानुवर्षे 'संशोधन करण्यात आले' असे लिहिले, त्याला तेथे पहिला प्रश्न येतो: 'यात तुमचे काय?'

२. मराठी वाक्यात कर्ता कोठे नाहीसा होतो

मराठीच्या व्याकरणकारांनी प्रयोगविचाराला मोठे स्थान दिले आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त त्याची विस्तृत चर्चा आहे. त्यातील एक साधी गोष्ट मुलाखतीच्या संदर्भात फार मोलाची ठरते.

'मी पंपाजवळ गेलो' या वाक्यातून 'मी' काढून टाकला, तरी 'पंपाजवळ गेलो' यातील क्रियापद कर्त्याची ओळख देते. तो गेला असता, तर 'गेला' असे रूप झाले असते. आता 'मी पंप उघडला' हे वाक्य घ्या. येथे भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जाते. प्रयोग कर्मणी होतो. 'मी' काढला की 'पंप उघडला' एवढेच उरते. पंप पुल्लिंगी व एकवचनी आहे एवढे क्रियापद सांगते. तो मी उघडला, त्याने उघडला, आम्ही उघडला की त्यांनी उघडला, याविषयी ते मौन पाळते. म्हणजे माणूस नुसता जातो-येतो, उठतो-बसतो, तोवर मराठी क्रियापद त्याच्याबरोबर असते. तो एखाद्या वस्तूवर काम करू लागला, की क्रियापद त्याला सोडून वस्तूकडे जाते. आणि नोकरीच्या मुलाखतीत विचारावयाचे असते ते नेमके वस्तूवर केलेले काम.

याला दुसरी एक गोष्ट मिळते. 'शिकणे', 'बोलणे', 'विसरणे' अशी काही सकर्मक क्रियापदे भूतकाळातही कर्तरी प्रयोगात राहतात: 'मी वेल्डिंग शिकलो', 'मी वेल्डिंग शिकले'. येथे कर्ता सुरक्षित असतो. त्यामुळे उमेदवाराच्या तोंडी 'शिकलो' सहज येते आणि 'केले' अडखळत येते. परंतु निवडमंडळाच्या दृष्टीने शिकणे ही मिळकत आहे, करणे हा पुरावा.

तिसरी गोष्ट कौशल्याच्या विधानाची. मराठीत आपण 'मला वेल्डिंग येते', 'मला संगणक समजतो', 'मला इंग्रजी जमते' असे म्हणतो. येथे जाणणारा माणूस कर्त्याच्या जागी नसून 'ला' प्रत्यय घेऊन बाजूला उभा असतो. कौशल्य त्याच्याकडे जणू आपण होऊन येते. भाषा म्हणून ही रचना सुंदर आहे, पण ती दावा करते, दाखला देत नाही. 'मला येते' या उत्तरानंतर 'कोठे केले?' हा प्रश्न अटळ असतो.

चौथी गोष्ट कारखान्याच्या बोलीतील. परभाषेतील नाम घेऊन त्याला 'करणे' किंवा 'होणे' जोडणे ही मराठीची नित्याची रीत आहे: 'चेक केले' व 'चेक झाले', 'रिपेअर केले' व 'रिपेअर झाले'. संचाच्या बाबतीत तर 'युनिट ट्रिप झाले' असेच म्हणतात, आणि ते योग्यही आहे. पाळीच्या नोंदवहीला घटना हवी असते, माणूस नव्हे. परंतु नोंदवहीची ही सवय तोंडात बसली, की स्वतः केलेली दुरुस्तीही 'झाली' होऊन जाते.

हे चारही प्रकार एका उत्तरात कसे एकवटतात ते पाहू. शिकाऊ उमेदवारीचे एक वर्ष पुरे केलेल्या तरुणाला विचारले, 'त्या काळात काय काम केले?' पुढील उत्तर आम्ही नमुन्यादाखल रचले आहे, पण ते कोणत्याही परीक्षकाला ओळखीचे वाटेल: 'तिथे मेंटेनन्सची सगळी कामे व्हायची. पंप उघडले, बेअरिंग बदलले, ग्लँड पॅकिंग झाले. सगळे शिकायला मिळाले. आता मला पंपाचे काम येते.' सहा क्रिया, आणि एकाही क्रियेचा कर्ता नाही. आता दुसरे उत्तर: 'पहिले तीन महिने मी पाहत होतो आणि हत्यारे देत होतो. त्यानंतर कपलिंग सोडवणे आणि जुने बेअरिंग काढणे ही कामे मी स्वतः करीत असे. अलाइनमेंट फिटर करीत. डायल गेजवरचे आकडे मी वाचून लिहून घेई. शेवटच्या महिन्यात एका लहान पंपाचे पॅकिंग मी एकट्याने बदलले; फिटरनी ते नंतर तपासले.' दोघांचा अनुभव एकच असू शकेल. दुसऱ्या उत्तरात अनुभव वाढलेला नाही; त्याची वाटणी झाली आहे. आणि त्या वाटणीमुळे ऐकणाऱ्याला या माणसाला उद्या कोणते काम सोपवावे आणि कोणते अद्याप सोपवू नये, हे दोन्ही कळते.

३. 'मी' म्हणण्याचा संकोच

येथे एक आक्षेप येईल. आपल्या समाजात 'मी मी करणे' हे भूषण मानले जात नाही. मीपणा सोडावा ही शिकवण वारकरी परंपरेने घरोघर रुजविली आहे. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे काम स्वतः सांगणे उद्धटपणाचे वाटते. म्हणून मुलगा 'आम्ही केले' म्हणतो आणि मुलगी पुष्कळदा तेही न म्हणता 'झाले' एवढ्यावर थांबते. हा संकोच खोटा नाही आणि त्याची थट्टा करणेही योग्य नाही.

परंतु अहंता आणि कर्तृत्व यांची गल्लत होऊ देऊ नये. पाणिनीच्या व्यवस्थेत कर्ता म्हणजे क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र असतो तो. आणि त्याला प्रवृत्त करणारा प्रयोजक हा निराळा सांगितला आहे. 'कर्ता' आणि 'करविता' हा भेद मराठी माणसाला नवीन नाही. उमेदवाराने या भेदाचा उपयोग करावा. मी काय केले, मजकडून कोणी काय करविले, कशात मी केवळ हात लावला आणि काय मी नुसते पाहिले, हे चार खण त्याने मनाशी स्पष्ट ठेवावेत. अशा वाक्यातील 'मी' मोठेपणा सांगत नाही. तो आपल्या वाट्याची सीमा सांगतो. किंबहुना जो सगळीकडे 'आम्ही' म्हणतो, तोच नकळत दुसऱ्याच्या श्रमाचे श्रेय आपल्याकडे ओढतो.

४. बोली आणि निवडमंडळ

भाषेची जबाबदारी एकट्या उमेदवारावर टाकणे न्याय्य होणार नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीत, १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, खानदेशीचा विचार भिल्ल भाषांबरोबर स्वतंत्रपणे केलेला आहे. अहिराणीत 'माझा'ला 'मना' आणि 'आहे'ला 'शे' म्हणतात. लेवा बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येतो आणि 'काळा'चे 'काया' होते. हे नियमबद्ध भेद आहेत, चुका नव्हेत. ज्या बोलीच्या बळावर बहिणाबाई चौधरी यांची कविता उभी आहे आणि ज्यांचे नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे, त्या परिसरात तरी हे पुन्हा सांगण्याची वेळ येऊ नये. कोळशाला 'कोयसा' म्हटल्याने त्याची उष्णता कमी होत नाही. ज्या पदाचे काम संचाजवळ उभे राहून करावयाचे आहे, त्या पदाच्या मुलाखतीत 'ळ'वर गुण कापणे म्हणजे दुसऱ्याच पदाची परीक्षा घेणे होय.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी इंग्लंडमधील एका मोठ्या विमानतळाच्या भोजनगृहाचे उदाहरण दिले आहे. तेथे नव्याने लागलेल्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया उद्धट आहेत अशी तक्रार होती. गम्पर्झ यांना दिसले ते असे, की ताटात रस्सा वाढू का हे विचारताना इंग्रज बाई त्या एका शब्दाचा सूर शेवटी चढविते, तर या स्त्रिया तो उतरवीत. शब्द तोच; पण ऐकणाऱ्याला एकीकडे विचारणा ऐकू येई आणि दुसरीकडे तुटकपणा. ध्वनिमुद्रण दोन्ही बाजूंना ऐकविल्यावर गैरसमज उलगडत गेला. हेच गम्पर्झ पुढे मुलाखतींच्या अभ्यासाकडे वळले, आणि आपल्याकडील कुपवाड गावच्या बहुभाषिकतेवरील १९७१ चा त्यांचा निबंध मराठी अभ्यासकांना परिचित आहेच. त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आपल्याला लागू आहे: मंडळ ज्याला 'व्यक्तिमत्त्व' म्हणते, त्याचा काही भाग सूर, विराम आणि वाक्यरचना यांनी बनलेला असतो, आणि ही तिन्ही माणूस आपल्या वस्तीतून घेऊन येतो.

न्यायालयांनीही या धोक्याची दखल घेतली आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांच्या प्रकरणात, म्हणजे अजय हासिया खटल्यात, एकूण १५० गुणांपैकी ५० गुण तोंडी परीक्षेला होते, आणि दोन-तीन मिनिटांच्या भेटीत पालकांविषयी व राहण्याच्या ठिकाणाविषयी प्रश्न विचारले गेल्याची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरेल असे म्हटले, आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करणे इष्ट असल्याचेही सुचविले. भाषाभ्यासकांनी खरे तर या सूचनेचे प्रथम स्वागत करावयास हवे होते. कारण ध्वनिमुद्रणावाचून मुलाखतीचा अभ्यास होत नाही, आणि अभ्यासावाचून ती सुधारतही नाही.

५. तयारीची रीत

वरील विवेचनातून विभागाने करण्याजोगी तयारी आपोआप सूचित होते. ती थोडक्यात मांडतो.

पहिली पायरी जाहिरातीच्या वाचनाची. जाहिरातीतील 'आवश्यक' व 'इष्ट' या दोन विशेषणांतील अंतर विद्यार्थ्याला नीट कळले पाहिजे. आवश्यक अर्हता नसताना भरलेला अर्ज श्रम वाया घालवितो, आणि इष्ट अर्हता नसल्यामुळे न भरलेला अर्ज संधी वाया घालवितो. त्याचबरोबर पदाच्या कर्तव्यांतील क्रियापदे अधोरेखित करावीत. 'देखभाल करणे', 'नोंदी ठेवणे', 'देखरेख करणे' ही क्रियापदेच पुढे प्रश्न होऊन समोर येतात.

दुसरी पायरी कामाच्या यादीची. मागे सांगितलेले चार खण कागदावर आखून, त्यांत आपल्या शिक्षणातील व अनुभवातील प्रत्येक काम बसवावे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाचीही हीच यादी करावी: सामग्री कोणी गोळा केली, वर्गीकरणाची कसोटी कोणाची, मार्गदर्शकांनी काय सुचविले आणि ती सूचना स्वीकारताना वा नाकारताना आपण काय विचार केला.

तिसरी पायरी बोलण्याची, आणि येथे क्रम महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्याने आपले काम प्रथम घरच्या बोलीत, घरच्या माणसाला सांगावे. आईला किंवा आजोबांना समजेल असे सांगताना पोकळ शब्द आपोआप गळून पडतात आणि घटनाक्रम पक्का होतो. मग तेच प्रमाण मराठीत सांगावे आणि शेवटी, गरज असेल तर, इंग्रजीत. हा क्रम उलटा केला, म्हणजे इंग्रजी परिच्छेद आधी पाठ केला, तर पहिला प्रश्न निभावतो आणि दुसऱ्याला पाठांतर तुटते. कारण पाठ केलेल्या परिच्छेदाला उपप्रश्न ठाऊक नसतो. 'व्हॉल्व्ह उघडला', 'रिले तपासला' यांसारख्या मिश्र वाक्यांची लाज बाळगण्याचे कारण नाही. तांत्रिक नाम परके आणि क्रियापद आपले, ही मराठीची जुनी पचनशक्ती आहे. येथे एवढेही सांगावेसे वाटते, की संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतही भारतीय भाषेत मुलाखत देण्याची सोय आहे.

चौथी पायरी ध्वनिमुद्रणाची. दूरध्वनीसंचावर दहा मिनिटांची सराव-मुलाखत मुद्रित करावी आणि विद्यार्थ्याने स्वतःच तिचे लेखन करून 'मी', 'आम्ही', 'झाले', 'करण्यात आले' आणि 'मला येते' यांची मोजणी करावी. शिक्षकाने व्याख्यान देण्यापेक्षा ही मोजणी अधिक शिकविते. सराव घेणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक उत्तरानंतर एकच उपप्रश्न विचारावा: 'यात तुमचा वाटा कोणता?'

पाचवी पायरी 'माहीत नाही' म्हणण्याची. हेही एक पूर्ण वाक्य आहे आणि त्याला कर्ता जोडता येतो: 'हे मी केलेले नाही, याच्या जवळचे अमुक काम मी केले आहे.' अज्ञान झाकणारी लांबलचक वाक्ये परीक्षकाला लगेच ओळखू येतात.

ही सर्व तयारी शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या मुलामुलींना अधिक लागते, याचे कारण त्यांचे काम कमी असते हे नव्हे. सुस्थित घरातील मुलाला आपल्याविषयी बोलण्याची सवय जेवणाच्या पंगतीतच लागलेली असते. ज्याच्या घरी काम फक्त केले जाते, सांगितले जात नाही, त्याला ते सांगणे नव्याने शिकावे लागते. हे शिकविणे भाषेच्या विभागाचे काम नव्हे, ते रोजगार मार्गदर्शन कक्षाचे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु प्रयोगविचार आपण शिकवितो, बोलीभेद आपण शिकवितो, मग त्यांचा जेथे प्रत्यक्ष उपयोग होतो तेथे आपणच मागे राहावे हे शोभणारे नाही. विभागाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या सराव-मुलाखतींची, त्यांच्या संमतीने व नावे वगळून, मुद्रित सामग्री साठविण्यास प्रारंभ करावा, असे सुचवावेसे वाटते. खानदेशातील तरुण स्वतःच्या कामाविषयी कसे बोलतात, याचा तो पहिला भरीव संग्रह आपल्या हाती येईल, आणि ज्यांची भाषा आपण अभ्यासासाठी घेतली, त्यांना तिचा उपयोग करून दिल्याचे समाधानही लाभेल.